रात्रपाळी करून संशोधन शिकलेली माणसं

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय, तर आधी त्याबद्दल सांगते. पाठवणारी आपली एक श्रोती आहे. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स. आठवड्याला दोन-तीन रात्रपाळ्या, आणि शनिवार-रविवारी मोबाईलवर क्लिनिकल रिसर्चच्या मास्टर्सचे वर्ग. ती म्हणाली, "ताई, वॉर्डातले निम्मे लोक मला म्हणतात की संशोधन हे मोठ्या डॉक्टरांचं काम, तू कशाला झोपेचं खोबरं करून घेतेस? हे नोकरी सांभाळून संशोधन शिकणं आत्ताचंच फॅड आहे का? की याला काही इतिहास आहे?"

इतिहास आहे. चांगला शंभर वर्षांचा आहे. आणि गंमत म्हणजे तो वर्गात सुरू होत नाही, खाटेवर सुरू होतो.

१८९७ साल घ्या. मुंबईत प्लेगने धुमाकूळ घातला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली, १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तिथल्या कैद्यांना दिली. ज्यांनी हात पुढे केला त्यांना दिली, बाकीच्यांना नाही. मग दोन्ही गटांत किती आजारी पडले ते मोजलं. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला. आपल्याला वाटेल, झालं की सिद्ध! पण थांबा. स्वतःहून हात पुढे करणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी हे सारखे असतात का? कदाचित मागे राहणारा आधीच अशक्त असेल, तापाने फणफणलेला असेल. मग फरक लसीचा की माणसांचा?

हा प्रश्न नीट सोडवणारा माणूस त्याच वर्षी, जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये जन्मला. हा योगायोग मला फार आवडतो. त्याचं नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल.

हिलला डॉक्टर व्हायचं होतं. वडील नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ, म्हणजे घरात वातावरण तेच. पण पहिलं महायुद्ध आलं, हा विमानदलात गेला, एजियन समुद्राकडे पोस्टिंग झालं आणि तिथे त्याला फुप्फुसाचा क्षय झाला. त्या काळात क्षय म्हणजे काय, ते आपल्या आजी-पणजीला विचारा. औषध नाही. मरायलाच घरी पाठवला म्हणा ना. साधारण दोन वर्षं तो अंथरुणात होता. वैद्यकीय शिक्षण तर आता शक्यच नव्हतं. मग त्याने काय केलं? लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी, पत्राने. हो, टपालाने! १९२२ मध्ये पदवी घेतली. आज आपण ज्याला डिस्टन्स लर्निंग म्हणतो, ते या माणसाने तब्येत सांभाळत पूर्ण केलं. पुढे नोकरी लागली ती कामगारांच्या आजारपणाचे आकडे तपासण्याची. ती करता करता तो युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सनच्या संख्याशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा.

म्हणजे आधुनिक क्लिनिकल ट्रायलचा पाया घातला असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्याकडे ना डॉक्टरकीची पदवी होती, ना संख्याशास्त्राची. नोकरी करता करता व्याख्यानं ऐकणारा माणूस होता तो. (आणि मरायला घरी पाठवलेला हा माणूस जगला किती? ९३ वर्षं. १९९१ मध्ये गेला.)

आता खरा मुद्दा. १९३० च्या आसपासचा डॉक्टर कसा विचार करायचा? दहा रुग्णांना औषध दिलं, सात बरे झाले, औषध चांगलं. छापा लेख. कोणी विचारायचंच नाही की औषध न देता त्या दहांतले किती बरे झाले असते? आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. वैद्यकशास्त्राची अर्धी पुस्तकं अशा कावळ्यांनी भरलेली होती. आणि डॉक्टरांना गणिताचं नाव काढलं की अंगावर काटा. दवाखाना बंद ठेवून त्यांना कॉलेजात बसवणार कोण?

हिलने उलटं केलं. वर्गच डॉक्टरांच्या टेबलावर नेला. 'द लॅन्सेट' हे वैद्यकीय साप्ताहिक ब्रिटिश डॉक्टर नियमित वाचायचे. त्यात १९३७ मध्ये जानेवारीपासून हिलचे १७ लेख आले, दर आठवड्याला एक. सरासरी म्हणजे काय, नमुना कसा निवडायचा, आकडे आपल्याला कसे फसवतात. अवघड सूत्रं जवळजवळ नाहीतच. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक झालं आणि पुढे अनेक दशकं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नोकरदार आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा पहिला यशस्वी पार्ट-टाइम कोर्स कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी या १७ लेखांकडे बोट दाखवेन. फी, साप्ताहिकाची वर्गणी. परीक्षा, तुमचा पुढचा रुग्ण.

एक गोष्ट मात्र त्याने मुद्दाम लपवली. रुग्णांना दोन गटांत विभागताना चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे रँडमायझेशन करावं, हे त्याला माहीत होतं. पण लेखांत त्याने डॉक्टरांना साधी युक्ती सांगितली, एक आड एक. पहिला रुग्ण या गटात, दुसरा त्या गटात. म्हातारपणी त्याने स्वतः लिहिलंय की चिठ्ठ्यांची भाषा काढली असती तर डॉक्टर बिचकून पळाले असते, म्हणून ते टाळलं. मला हे शिकवणाऱ्याचं फार मोठं शहाणपण वाटतं. नाहीतर आपले काही ऑनलाइन वर्ग बघा! पहिल्या तासालाच स्लाइडवर सिग्मा.

पण एक आड एक मध्ये अडचण काय? डॉक्टरला आधीच कळतं की पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार. समजा पुढची पाळी 'औषध नाही' गटाची आहे आणि दारात वीस वर्षांची, रक्त ओकणारी मुलगी उभी आहे. कुठल्या डॉक्टरचा हात थरथरणार नाही? तो म्हणेल, हिला उद्या दाखल करू. यात बेईमानी नाही, माया आहे. पण त्या मायेने तुलना बिघडते.

याचं उत्तर आलं दहा वर्षांनी. अमेरिकेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं होतं. क्षयावर चालेल असं पहिलं औषध! युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे औषध आलं ते थोडंसंच. त्यातलं काही मेंदूज्वरासारख्या हमखास मरणाऱ्या क्षयरोग्यांसाठी बाजूला ठेवलं. उरलेलं सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं, पुरणार नाहीच तर निदान जे वाटतोय त्यातून काहीतरी पक्कं शिकूया. आता हिल प्राध्यापक होता आणि या वेळी त्याने चिठ्ठ्यांचा हट्ट धरला. सीलबंद पाकिटं. रुग्ण ट्रायलसाठी पक्का झाल्यावरच पाकीट उघडायचं. आत काय निघेल, ते आधी कोणालाच माहीत नाही.

१०७ रुग्ण. तरुण मुलं-मुली. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. दर सहा तासांनी एक इंजेक्शन, चार महिने. म्हणजे मध्यरात्रीसुद्धा. वैद्यकाच्या इतिहासात हिलचं नाव आहे, त्या मध्यरात्रीच्या इंजेक्शनवाल्यांचं नाही. ते वेळेवर गेलं नसतं तर पाकिटांना काय अर्थ होता, सांगा. आपल्या श्रोतीच्या वॉर्डातल्या लोकांना हे जरूर ऐकवा.

सहा महिन्यांनी मोजलं. औषधाच्या गटात ४ मृत्यू. विश्रांतीच्या गटात १४. ऑक्टोबर १९४८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल छापला आणि तिथून जग बदललं असं साधारण पुस्तकांत लिहितात.

पण पुढचं फार कमी लोक सांगतात. पाच वर्षांनी त्याच रुग्णांचा पुन्हा हिशेब झाला. औषधाच्या गटातले ३२ गेले होते. दुसऱ्या गटातले ३५. म्हणजे सुरुवातीचा तो मोठा फरक जवळपास विरघळून गेला! का? एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की जंतू त्याला सरावतात. हे सरावणं त्या ट्रायलमध्येच लक्षात आलं होतं, कारण सगळं शिस्तीत नोंदवलं जात होतं. म्हणून लगेच पुढची ट्रायल झाली, दोन औषधं एकत्र देण्याची. आजही क्षयाला एकाच वेळी अनेक औषधं देतात त्यामागे हा धडा आहे. नुसतं 'सात बरे झाले' एवढंच मोजणारा डॉक्टर असता, तर एकच औषध वर्षानुवर्षं देत राहिला असता.

आणि एक टोचणारी गोष्ट, जी मला गाळायची नाही. त्या ५२ जणांना आपण कुठल्या ट्रायलमध्ये आहोत हे सांगितलंच नव्हतं. परवानगी वगैरे काही नाही. त्या काळाची पद्धतच तशी होती, असं म्हणून पुढे जाता येतं. पण विचार करा, चौदा तरुण मुलं गेली, आणि आपल्या शेजारच्या शहरात कोणाला तरी नवं औषध मिळतंय हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल. आज कुठल्याही क्लिनिकल रिसर्चच्या अभ्यासक्रमात संमतीपत्र, एथिक्स कमिटी यावर तासन्‌तास का शिकवतात, आणि विद्यार्थी जांभया देत का होईना ते का ऐकतात, त्याची मुळं अशा गोष्टींत आहेत.

आता भारतात येऊ. १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि हिलवाली ती ब्रिटिश कौन्सिल, सगळे मिळून. आयसीएमआरचे तेव्हाचे, आणि पहिले, संचालक होते चिंतामण गोविंद पंडित. आपल्याकडच्या फार कमी लोकांना हे नाव माहीत असतं. प्रश्न असा होता: क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं का? तुम्ही पाचगणी, मिरज अशी नावं जुन्या कादंबऱ्यांत वाचली असतील, थंड हवा, दूध-अंडी, लांब व्हरांडे. पण भारतात रुग्ण लाखांनी आणि खाटा मूठभर. मग औषधं घरीच दिली तर? मद्रासच्या गरीब वस्तीतल्या एका खोलीच्या घरात, जिथे पाच-सहा माणसं शेजारी शेजारी झोपतात?

१९३ रुग्ण चिठ्ठ्यांनी वाटले. अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे घरी. घरच्यांना गोळ्या नेऊन द्यायच्या, आणि आरोग्य कर्मचारी अचानक दारात जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणार, लघवी तपासून औषध खरंच पोटात गेलंय का ते बघणार. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेल्यांना विश्रांती कमी, खाणं कमी प्रतीचं, तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि ज्याची सगळ्यांना भीती होती, की घरच्यांना लागण जास्त होईल, तसं दिसलं नाही. जगभरात सॅनेटोरियमचे दिवस भरत आले. औषधं हातात, रुग्ण घरी, ही आजची पद्धत त्या मद्रासच्या वस्तीतून आली आहे.

माझं मत विचाराल तर स्वतंत्र भारतातलं हे सगळ्यात मोठं वैद्यकीय काम. आणि ते पेललं कोणी? घरोघरी जाऊन गोळ्या मोजणाऱ्या लोकांनी. त्यांना कामावरच शिकवलं गेलं. चुकीचा आकडा लिहिला तर काय होतं, हे ज्याला समजलंय अशा माणसाशिवाय ट्रायल उभीच राहत नाही.

इथून पुढचा इतिहास जरा झपझप सांगते, कारण त्यात विद्यापीठं आणि समित्या फार आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६७ मध्ये डेव्हिड सॅकेट नावाच्या ३२ वर्षांच्या डॉक्टरने एक नवा विभाग काढला, क्लिनिकल एपिडेमिओलॉजीचा. कल्पना अशी की आकडेमोड रुग्णाच्या खाटेपाशी आणायची. १९८१ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांनी शोधनिबंध कसे वाचावेत यावर लेखमाला लिहिली. म्हणजे हिलचीच युक्ती पुन्हा. या सॅकेटची एक गोष्ट मला थक्क करते. वयाच्या ४९ व्या वर्षी, जगप्रसिद्ध प्राध्यापक असताना, त्याला वाटलं की आपण रुग्ण तपासायला विसरत चाललोय. मग हा माणूस पुन्हा रेसिडेंट झाला! आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर. आपल्याकडे एचओडी साहेब असं करतील का, डोळ्यांसमोर आणून बघा.

१९८० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने इनक्लेन नावाचं जाळं सुरू केलं. विकसनशील देशांतले नोकरीतले डॉक्टर निवडायचे, मॅकमास्टरसारख्या ठिकाणी शिकवायचे आणि परत त्यांच्याच कॉलेजात पाठवायचे. तिथे ते इतरांना शिकवणार. भारतात अशी केंद्रं झाली, त्यात आपलं नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही होतं.

अमेरिकेत वेगळीच धास्ती होती. १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी लिहिलं की रुग्णही बघणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर ही जात नामशेष व्हायला लागली आहे. मग बेथेस्डाच्या राष्ट्रीय संशोधन रुग्णालयात, जॉन गॅलिन संचालक असताना, १९९५ मध्ये एक वर्ग सुरू झाला. वेळ? संध्याकाळची. दिवसभर वॉर्ड, मग वर्ग. १९९८ पासून ड्यूक विद्यापीठाचा क्लिनिकल रिसर्चचा मास्टर्स त्याच डॉक्टरांना व्हिडिओ कॉन्फरन्सने मिळू लागला. प्राध्यापक शेकडो किलोमीटर दूर, पदवी पार्ट-टाइम, नोकरी चालू. झूम यायच्या कितीतरी आधी हं. आपली श्रोती आज मोबाईलवर जे करते आहे त्याचा सरळ पूर्वज हा.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर गडचिरोली. अभय आणि राणी बंग, दोघेही डॉक्टर. १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं (ते पूर्णवेळ होतं, हे प्रामाणिकपणे सांगते) आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. पण माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीने खऱ्या विद्यार्थिनी त्यांच्या गावातल्या आरोग्यदूत बाया. ३९ गावांत त्यांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, संसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. तुलनेला ४७ गावं होती. इथे गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे हिलने एखादा प्रश्न नक्की विचारला असता. पण तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर साधारण ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं, जिथे हिलचे लेख आले होते. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, ती योजना या कामातून आली.

आणि आता थोडं कडू. २००५ मध्ये आपल्याकडे औषध चाचण्यांचे नियम बदलले, परदेशी कंपन्यांना भारतात ट्रायल करणं सोपं झालं. लगोलग मुंबई-पुण्यात क्लिनिकल रिसर्चचे डिप्लोमे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. माझ्या ओळखीतल्या एका बीफार्म झालेल्या मुलाने नोकरी सांभाळून असा एक कोर्स केला. फॉर्म कसे भरायचे ते पाठ झालं. कंट्रोल ग्रुप का असतो, हे वर्षभरात त्याला कोणी सांगितलं नाही. मग बातम्या यायला लागल्या, संमतीपत्रावर अंगठा घेतलेला पण माणसाला काहीच माहीत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. ज्या कोर्समध्ये फक्त फॉर्म शिकवतात, तिथून बाहेर पडलेला माणूस अंगठा घेतो आणि पुढे जातो. जिथे त्या ५२ जणांबद्दल शिकवतात, तिथून बाहेर पडलेला माणूस निदान खुर्ची ओढून पेशंटशेजारी बसतो.

म्हणून पार्ट-टाइम कोर्स निवडणाऱ्यांना माझा एक आगाऊ सल्ला. प्रॉस्पेक्टसमध्ये 'शंभर टक्के प्लेसमेंट' शोधू नका. विचारा, माझ्याच वॉर्डातला प्रश्न घेऊन प्रबंध करता येईल का? समजा, सलाईनची सुई तीन दिवसांनी बदलावी की गरज पडल्यावर, हा नर्सचा प्रश्न आहे. यावर जगात खऱ्याखुऱ्या ट्रायल झाल्यात. हो म्हणाले तर फी भरा. आणि खिशाला परवडत नसेल तर आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनाच्या मूलतत्त्वांचे ऑनलाइन कोर्स आहेत. एमडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि वैद्यकीय शिक्षकांना त्यातला एक आता सक्तीचा आहे.

जाता जाता एक गृहपाठ, विद्यार्थी नसाल तरी. भारतातल्या ट्रायलची नोंद ठेवणारी सीटीआरआय नावाची सरकारी वेबसाइट आहे. २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. कोणालाही मोफत उघडता येते. त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. कुठल्या रुग्णालयात, कोणत्या आजारावर, किती लोकांवर काय चाललंय ते दिसेल. मी माझ्या गावाचं टाकलं आणि तासभर तिथेच अडकले. तुम्हाला काय सापडतंय ते व्हॉइस मेसेजने कळवा, निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवते. भेटू पुढच्या गुरुवारी.